टँकरच्या आधी येणारा आवाज

तो बोलायला उभा राहिला की एका पायावर उभा राहायचा. दुसऱ्या पायाचा तळवा पहिल्याच्या गुडघ्याला टेकवून, हातात काहीतरी उभं धरून. काठी नसली तर छत्री, छत्री नसली तर माइकचा स्टँड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याच्या पायात काटा गेला असावा. मी विचारलंही. तो म्हणाला, "नाय ताई, दोन पायांवर उभं ऱ्हायलं की मला झोप येती."

पुढं कळलं की डोंगरात मेंढरांमागं उभे असलेले त्याच्याकडचे सगळेच लोक असे उभे राहतात. तासन्‌तास. वाऱ्यात घोंगडी हलते, माणूस हलत नाही.

आज माझ्या मुलीच्या फोनमध्ये त्याची गाणी आहेत. तिच्या मैत्रिणींच्या फोनमध्येही आहेत. तो चेहरा दाखवत नाही, नाव लावत नाही, मोठ्या कंपनीकडं जात नाही. गाणं एका फोनमधून दुसऱ्यात जातं आणि असंच जात राहतं. मुलगी म्हणते, हा अंडरग्राउंड रॅपर आहे. तिला मी सांगितलं की मी या माणसाबरोबर काम केलंय, तर आधी तिचा विश्वास बसेना. आम्ही एकत्र काम करायचो तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि याच माणसाच्या रिक्षात झोपून जायची, हे तिला आठवत नाही.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर चाचांची खोली होती. चाचांनी तरुणपणी लग्नांत आणि कव्वालीच्या कार्यक्रमांत लाउडस्पीकर लावले होते. वय झाल्यावर त्यांनी एक कॉम्प्युटर, एक माइक घेतला आणि भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवून रेकॉर्डिंगची खोली केली. तिथं आम्ही रिक्षांवरच्या भोंग्यांसाठी जाहिराती करायचो. आवाज माझा. साड्यांचा सेल, नवीन क्लासेस, हरवलेली मुलं, दाताचा दवाखाना. शहरातल्या प्रत्येक गल्लीनं माझा आवाज ऐकला होता आणि मला कुणी ओळखत नव्हतं. हातात येईल तो कागद मी वाचायचे. वाचून झाला की चाचा अंगठा वर करायचे, आणि मी पुढचा कागद घ्यायचे. त्यात काय लिहिलंय याच्याशी आपला काही संबंध असतो, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तो भोंग्याची रिक्षा चालवायला म्हणून आला. उंच, काटकुळा, मान जराशी पुढं, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणही लावलेलं. मे महिना होता आणि त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. चाचांनी विचारलं, एवढ्या गरमीत हे कशाला? तो म्हणाला, ऊन आत येत नाही. मग त्यानं ती काढून खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि खाली रिक्षा बघायला गेला. त्या दिवशी मी जाहिरात वाचली आणि चाचा थबकले. त्यांनी ती परत वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. भिंतीवरून परत येणारा जो एक डबड्यासारखा नाद इतकी वर्षं आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये होता, तो गेला होता. लोकरीनं तो पिऊन टाकला होता. चाचा त्याला म्हणाले, "मियाँ, ये कंबल यहीं रहने दो." तो थोडा वेळ घोंगडीकडं बघत उभा राहिला, एका पायावर, आणि मग हो म्हणाला. ती त्याच्या बापाची, आबाची होती, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.

ती वर्षं मला आता झोपेत पाहिल्यासारखी आठवतात. लागोपाठ दुष्काळाची वर्षं. दुपारचा उजेड इतका पांढरा असायचा की रस्त्यावरचा माणूस लांबून कागदातून कापल्यासारखा दिसायचा. झाडं असायची, पण सावली कुठं पडलीय ते शोधावं लागायचं. नळाला चार चार दिवसांनी पाणी. आणि त्याच वर्षांत शहर मात्र वाढत होतं. मी गारखेड्यात राहायचे. आमच्या पलीकडं, जिथं डांबर संपून खडी सुरू व्हायची, तिथं सहा महिन्यांपूर्वीच्या ज्वारीच्या रानात पत्र्याचं कुंपण उभं राहायचं, कुंपणाच्या आत खांब, खांबांवर स्लॅब. लोक खेड्यांतून निघत होते आणि शहर त्यांना भेटायला आल्यासारखं खेड्यांच्या दिशेनं सरकत होतं. पाणी तेवढं कुठंच जात-येत नव्हतं.

त्याचं घर अशाच एका कुंपणाच्या आत होतं. वेरूळच्या पुढं डोंगराला लागून त्याचं गाव. चारा संपला, विहिरी आटल्या, तशी आबानं सगळी मेंढरं एका बाजारात विकली आणि तिघं शहरात आले. आबा एका बांधकामावर वॉचमन झाला, माय तिथंच विटा वाहू लागली, आणि राहायला गेटजवळची पत्र्याची खोली मिळाली. मेंढरं विकल्यापासून आबा फारसा बोलत नाही, असं तो सांगायचा. "पूर्वी आबा हाक द्यायचा तर तीन डोंगर वळायचे. आता भाकर पायजे का नको, एवढंच मान हलवून सांगतो."

बोलण्यावरून आठवलं. त्याला शब्दांचं वेड होतं. भेटेल त्या माणसाला विचारायचा, तुमच्याकडं याला काय म्हणतात? चाचांकडून दख्खनी शब्द घ्यायचा, भाजीवालीकडून भाज्यांचे, बिहारच्या गवंड्याकडून त्याचे. मी माहेरची परभणीकडची. माझ्याकडून त्यानं निदान पन्नास शब्द नेले असतील. वहीत लिहायचा नाही. रिक्षाच्या छताला आतून पिवळट रेक्झिन होतं, त्यावर पेननं लिहायचा. मागं बसून वर बघितलं की सगळं छत शब्दांनी भरलेलं. माझी मुलगी ते वाचत वाचत झोपायची.

आणि रिक्षा तो फक्त दुसऱ्या गिअरमध्ये चालवायचा. मागून गाड्या हॉर्न मारून जायच्या. मी एकदा म्हटलं, जरा जोरात घे की. तो म्हणाला, तिसऱ्यात ती नुसती ओरडते, दुसऱ्यात ठेका धरते. तेव्हापासून मलाही तो ठेका ऐकू यायला लागला. आजही एखादी जुनी रिक्षा चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गेली की माझा पाय जमिनीवर हळूच हलतो.

रॅप त्यानं पहिल्यांदा ऐकलं ते त्या बांधकामावर. फरशी बसवायला आलेला एक कारागीर फोनवर काहीतरी लावून काम करायचा. कुठल्या भाषेतलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एक माणूस गात नव्हता, नुसता बोलत होता. पण बोलणं धावत होतं, वळत होतं, मध्येच उभं राहत होतं. तो दुसऱ्या दिवशी खोलीवर आला तो कामाचं न बोलता आधी हेच सांगू लागला. त्याला एकही शब्द कळला नव्हता. पण त्याला वाटलं होतं की हा माणूस काहीतरी हाकत चाललाय. पांगलेलं गोळा करून आणतोय. त्यानं मला विचारलं, "ताई, याला काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, रॅप.

त्याला शब्द आवडला नाही. फार लहान वाटला. पुढचे कितीतरी महिने तो त्याला 'हाकणं'च म्हणायचा. याची शिकवणी असते का, असंही त्यानं विचारलं. चाचांनी त्याला सांगितलं की शिकवणी कुणाची नाही, श्वासाची असते. कव्वालांना त्यांनी जवळून ऐकलं होतं. त्यांनी त्याला एक सवय लावली: पूर्ण कागद एका दमात वाचायचा, पण दम लागलाय हे कळू द्यायचं नाही. तो मग रिक्षात बसून माझ्याच जाहिराती पाठ म्हणायचा. साड्यांचा सेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका श्वासात. सिग्नलला उभ्या असलेल्या बायका वळून बघायच्या.

सुट्टीच्या दिवशी तो वेरूळला जायचा. लेणी बघायला नाही. तिथं एक कमानदार छताचं लेणं आहे, आत बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती आहे, आणि तिथं आवाज केला की तो छताखाली फिरत राहतो. तो तिथं बसायचा. एका रविवारी मी मुलीला घेऊन त्याच्याबरोबर गेले. आत गारवा होता. बाहेरचं ऊन दारात येऊन थांबलं होतं. दोन-चार माणसं होती, ती गेली. मग तो एका पायावर उभा राहिला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणू लागला. आधी मला मंत्र वाटला. नंतर कळलं, ती नावं होती.

काजळी, कानफाटी, भोरी अन् बांडी,
वाकड्या शिंगाची पुढं, मागं ऱ्हायली लांडी,
आयतवारी उपजली ती आयतवारीच गेली,
नाव घेतलं की वळायची, आता हाक कुणी दिली?

विकलेल्या मेंढरांची नावं होती ती. चारच ओळींनंतर पुन्हा नावं, मग पुन्हा दोन ओळी. प्रत्येक नाव छतापर्यंत जायचं आणि जरा उशिरानं खाली यायचं, तोवर दुसरं निघालेलं असायचं. ती सगळी तिथं फिरत होती. माझी मुलगी वर बघत होती. संपल्यावर त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, आबाला हे ऐकवायचं धाडस होत नाही.

त्याच उन्हाळ्यात त्याला टँकरची रिक्षा मिळाली.

गारखेड्याच्या पलीकडच्या एका नव्या वसाहतीत नळ पोचलेले नव्हते. तिथं एका ठेकेदाराचा टँकर जायचा, आणि टँकरच्या आधी आमची रिक्षा, लोकांनी भांडी काढून ठेवावीत म्हणून. कागदावर दोनच वाक्यं होती: टँकर येत आहे, नागरिकांनी रांगेत उभे राहावे. त्यानं दोन दिवस तीच म्हटली. तिसऱ्या दिवशी रिक्षा दुसऱ्या गिअरमध्ये होती, माइक हातात होता, आणि त्याच्या तोंडून निघालं:

हंडा काढा, कळशी काढा, काढा टोप-पातेलं,
आलंय पाणी दारामंदी, नका म्हणू राहिलं,
रांग धरा, भांडू नका, म्हातारीला द्या पुढं,
आज हाय तर भरून घ्या, उद्या नुसतं ऊन पडं.

बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन मागितलं. मग रोज नवीन. रांगेतली भांडणं कमी झाली असं लोक म्हणायचे, कारण भांडताना त्याचं ऐकू येत नव्हतं. सकाळी रिक्षाचा ठेका लांबून ऐकू आला की पोरं ओट्यावर येऊन बसायची. एक खुळी सवय त्याला तेव्हाच लागली: वसाहतीचं पाणी भरून होईपर्यंत तो स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. घसा सुकून आवाज चिरका व्हायचा. मी रागावले तर म्हणाला, "लोकांना पाणी आलं म्हणून सांगायचं अन् आपण पिऊन जायचं, बरं नाय दिसत."

कॉलेजच्या काही पोरांनी त्याचे व्हिडिओ काढले. गारखेड्याच्या एका मैदानात ती पोरं संध्याकाळी गोल करून उभी राहायची; एक जण तोंडानं ढोल वाजवायचा आणि बाकीचे पाळीपाळीनं रॅप करायचे, बहुतेक हिंदीत. त्यांनी त्याला बोलावलं. मी भाजी घेऊन घरी जाताना थांबून पाहिलं ते मला चांगलं आठवतं. तो गोलात गेला आणि एका पायावर उभा राहिला. पोरं हसली. त्यानं तोंड उघडलं आणि त्याची ती गावाकडची भाषा ऐकून आणखी हसली. एकानं त्याची नक्कल केली. तो थांबला, त्या पोराकडं बघत राहिला, आणि मग त्यानं मेंढरांची नावं घ्यायला सुरुवात केली. तोंडानं ढोल वाजवणारा पोरगा आधी गोंधळला, मग त्याच्या मागोमाग वाजवू लागला. शेवटी शेवटी त्यानंही वाजवणं बंद केलं आणि नुसता ऐकत राहिला. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. ज्यानं नक्कल केली होती त्यानं विचारलं, लांडी म्हणजे कोण? तो म्हणाला, शेपूट तुटलेली. मग ती सगळी पोरं खाली मातीत बसली आणि एकेका मेंढराची चौकशी करू लागली. मला घरी जायला उशीर झाला.

पावसाळा म्हणून जो आला तो ढग दाखवून गेला. आणि टँकर उशिरा यायला लागला. आधी तासभर, मग दोन तास, मग अर्धाच भरलेला. ठेकेदाराच्या माणसानं नवीन कागद पाठवला आणि तो मी वाचला: तांत्रिक कारणामुळे टँकर उशिरा येईल, नागरिकांनी सहकार्य करावे. चाचांनी अंगठा वर केला. तो दाराशी उभा होता. त्यानं मला विचारलं, "ताई, तांत्रिक म्हंजे काय?"

मी म्हटलं, काहीतरी बिघाड.

"कुठं?"

मी पुढचा कागद उचलला. तो आधीचा कागद घेऊन गेला. दोन दिवस त्यानं स्वतः काही म्हटलं नाही, माझंच रेकॉर्डिंग लावून वसाहतीत फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि चाचांच्या समोर, खाली मान घालून, सगळं सांगितलं. टँकर कुठं थांबतो ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो त्याच्याच दारात थांबत होता. ते राहत होते ते बांधकाम ठेकेदाराच्या भावाचं होतं. स्लॅब ओतला होता, सिमेंटला पाणी मारावं लागतं, आणि बोअर आटलं होतं. म्हणून टँकर रोज सकाळी आधी तिथं जायचा आणि उरलेलं पाणी वसाहतीत. गेट उघडायचा आबा. आणि त्याच वेळी तो स्वतः अर्ध्या मैलावर भोंग्यातून सांगत असायचा की येतोय, येतोय.

त्यानं गाणं केलं होतं. त्यात त्याला माझा आवाज हवा होता, ते तांत्रिक कारणाचं वाक्य, जसंच्या तसं. मी नाही म्हणाले. म्हणजे सरळ तसं म्हणाले नाही; मी म्हटलं, तुझ्या आबाची नोकरी जाईल, राहती खोली जाईल. खरं तर मला माझी भीती वाटत होती. शहरात माझा आवाज एकच होता. तो असल्या गाण्यात वाजला असता तर मला कागद कोण देणार होतं? तो म्हणाला, आबाला विचारल्याशिवाय वाजवणार नाही. उद्या घेऊन येतो. मग आबाला ऐकवण्यापुरतं म्हणून चाचांनी माझ्या त्या जुन्या रेकॉर्डिंगला जोडून त्याचं गाणं भरून घेतलं, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा जिना चढून आला. फेटा, धोतर, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट. खुर्चीवर बसला नाही, जमिनीवर बसला. खिळ्याला टांगलेली घोंगडी त्यानं पाहिली. चाचांनी त्याच्या फेट्यावरून हेडफोन लावला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्याचा चेहरा दिसत होता. पण गाणं मला पाठ झालं होतं, त्यामुळं कुठली ओळ कधी आली असेल ते मला कळत होतं. आधी माझा तो गोड, कोरडा आवाज. मग:

टँकर नाय बिघडला, नाय झाला पंक्चर,
सकाळधरनं उभा हाय तो बिल्डिंगीच्या गेटवर,
भिताड पितंय घटाघटा, लेकरू चाटतंय ओठ,
गेट उघडतो माझा बाप, अन् मी बोलतो खोटं.

आबानं हेडफोन काढला नाही. बोटानं खूण केली, पुन्हा लावा. चाचांनी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं डोळे मिटले आणि त्याची मान अगदी थोडी हलू लागली. तो, म्हणजे त्याचा मुलगा, दोन्ही पायांवर उभा होता आणि बापाच्या तोंडाकडं बघत होता. मला वाटलं आता हा माणूस उठेल आणि निघून जाईल.

आबानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बऱ्याच दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचा असतो तसा खरखरीत आवाज निघाला. "गेट मीच उघडतो. त्याच्यात खोटं काय हाय?" मग मुलाला म्हणाला, "पर 'अन् मी' म्हणायच्या आधी तू दम तोडला. तिथं तोडू नको. तिथं तोडलं की समदं पांगतं."

चाचा उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "बजाएँगे तो धंदा जाएगा. ये समझ के बजाव." आणि माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, तुमारी आवाज रहने दूँ के निकालूँ? मी आबाकडं पाहिलं. तो हेडफोनची वायर बोटांत गुंडाळत होता. मी म्हटलं, राहू द्या.

मुलानं ती ओळ परत म्हटली, एका दमात. आबानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात मागं मी बसले होते. माझा आवाज होता त्यात, घरी बसून राहणं मला जमलं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये रिक्षा वसाहतीत शिरली. रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली होती. त्यानं भोंगा लावला आणि स्वतः मात्र खाली उतरून रिक्षाला टेकून उभा राहिला. गाणं एकदा वाजलं. लोकांना नीट कळलं नाही, पोरं नाचली. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा कुणी हललं नाही. एका बाईनं त्याला विचारलं, खरं काय हे? त्यानं मान हलवली. तिनं हंडा उचलून कमरेवर घेतला आणि ती चालू लागली. तिच्या मागं दुसरी. काही मिनिटांत खडीच्या रस्त्यावरून ती सगळी रांग निघाली, हंडे, बादल्या, डबे, आणि पुढं कुणी घोषणा देत नव्हतं, मागं कुणी ओरडत नव्हतं. उन्हात पितळ चमकत होतं. आम्ही रिक्षा हळूहळू त्यांच्या मागं नेली. मला ते सगळं इतकं शांत वाटलं की आपण कुठं चाललोय हेच मी क्षणभर विसरले.

कुंपणाच्या आत टँकर उभा होता. आबा गेटजवळ स्टुलावर बसला होता. रांग दिसली तसा तो उठला. आतून सुपरवायझर ओरडला, गेट लाव म्हणून. आबानं त्याच्याकडं पाहिलं आणि गेटचा दुसरा पल्लाही उघडला. बायका आत गेल्या. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं स्लॅबवर सोडलेला पाइप ओढून आणला आणि पहिल्या हंड्यात धरला. माय विटांचं घमेलं खाली ठेवून आली आणि पाइप धरायला तिनं त्याला हात लावला.

संध्याकाळपर्यंत आबाला काढून टाकलं. पत्र्याची खोली दोन दिवसांत रिकामी करायला सांगितली. आमचं टँकरचं काम गेलं, त्याची रिक्षा गेली, आणि आठवड्याभरात माझे तीन-चार दुकानदारही गेले. चाचांनी एका शब्दानं त्याला दोष दिला नाही. त्यांनी त्याला खोलीची किल्ली दिली आणि राहा म्हणाले. वसाहतीत टँकर महिनाभर वेळेवर येत होता. नंतर पुन्हा उशीर व्हायला लागला, तेव्हा लोक कागदाची वाट न बघता स्वतःच विचारायला जाऊ लागले. एवढाच फरक पडला. मी पुढं एका अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचायला लागले, अजून वाचते. आता कागद हातात आला की मी आधी मनात वाचून बघते.

आबा आणि माय शहरात राहिले नाहीत. गोदावरीकडच्या एका मेंढपाळाला माणूस हवा होता. परक्याची मेंढरं, पण मेंढरं. ते निघाले त्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. चाचांनी घोंगडी घडी घालून माझ्याबरोबर पाठवली होती. मी ती आबाच्या खांद्यावर ठेवली. माय बसमध्ये जाऊन खिडकीशी बसली. दुपारची वेळ होती. स्टँडवर धूळ होती आणि त्या धुळीत बस, माणसं, गाठोडी सगळं एकाच रंगाचं झालं होतं. बाप-लेक एकमेकांशेजारी उभे होते.

कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा त्यानं विचारलं. मला वाटतं, तेवढं विचारण्यासाठीच तो इतका वेळ गप्प होता. "आबा, माझं चुकलं का?"

आबानं एक पाय पायरीवर ठेवला. "चुकलं असतं तर आडवलं असतं," तो म्हणाला. "आडवायलाच तर ठेवलं व्हतं मला तिथं."

मग तो आत गेला. बस हलली, वळली, आणि फाटकातून बाहेर पडून पांढऱ्या उन्हात मिसळली. लेक तिकडं बघत राहिला. माझ्याकडं न वळताच म्हणाला की मैदानावर पोरं वाट बघत असतील, आज त्यांना शहागंजातल्या एका मुलाला ऐकायचंय, तो उर्दूत रॅप करतो. रिक्षानं सोडू का, असं मी विचारलं. नको म्हणाला. गारखेडा तिथून बरंच लांब. पण तो चालतच निघाला, ओठ हलत होते, आणि रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्यानं ब्रेक दाबून त्याला शिवी दिली, तेव्हा त्यानं थांबून त्या माणसाला शांतपणे विचारलं की हा शब्द कुठल्या गावाकडचा.